उघडता येणारं यंत्र

1901 सालच्या जुलैमध्ये लंडनला क्षयरोगावर मोठी परिषद भरली होती. क्षयाचा जंतू ज्यांनी शोधला ते रॉबर्ट कॉख जर्मनीहून आले होते आणि साऱ्यांचे कान त्यांच्याकडे लागले होते. ते जे बोलले ते ऐकून मात्र अनेक डॉक्टर चपापले. गुरांचा क्षय वेगळा, माणसांचा वेगळा. गाईच्या दुधातून माणसाला क्षय जडण्याची शक्यता इतकी थोडी की तिच्यासाठी खास उपाय योजायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द खोडायचा तर पुरावाही तेवढाच दांडगा हवा. ब्रिटिश सरकारने रॉयल कमिशन नेमलं. त्याचं काम दहा वर्षं चाललं आणि 1911च्या अखेरच्या अहवालात निकाल आला: कॉख चुकले होते. गाईचा क्षय दुधावाटे माणसात येतो आणि त्याचे पहिले बळी मुलं असतात. गंडमाळा झालेली, हाडांना क्षय लागून कुबड आलेली जी मुलं विलायतेतल्या इस्पितळांत दिसत, त्यांतल्या कितीतरी जणांना तो रोग दुधाच्या पेल्यातून लागलेला होता.

उपाय माहीत होता. लुई पाश्चर यांनी 1860च्या दशकात वाइन बेताने तापवून ती नासण्यापासून वाचवली होती. डेन्मार्कने 1898 साली कायदाच केला की, क्रीमरीत मलई काढून वासरांसाठी शेतकऱ्याकडे परत जाणारं दूध तापवल्याशिवाय पाठवायचं नाही. न्यूयॉर्कमध्ये नेथन स्ट्रॉस या व्यापाऱ्याने 1893 पासून गोरगरिबांच्या मुलांसाठी पाश्चराइझ केलेल्या दुधाची केंद्रं चालवली. आपल्याकडे दूध घरात आलं की आधी गॅसवर किंवा चुलीवर चढतं. आई-आजीच्या हाताची ती सवय आहे आणि तिने किती जीव वाचवले असतील याची मोजदाद कुणी केलेली नाही. तिकडे दूध सर्रास न तापवताच पीत. म्हणजे तापवण्याचं काम डेअरीनेच करायला हवं होतं, आणि तेही रोज हजारो लिटरचं.

ते कसं करायचं, हा प्रश्न दिसतो त्याहून अवघड होता. सुरुवातीची पद्धत मोठ्या टाकीची. टाकीच्या दुहेरी भिंतीतून गरम पाणी खेळवायचं, आत दूध ढवळत राहायचं, 63 अंशांवर अर्धा तास धरायचं आणि मग थंड करायचं. थंड करायला आडव्या नळ्यांचा एक उभा पडदा असे. नळ्यांतून गार पाणी फिरे आणि बाहेरून दुधाचा पातळ पापुद्रा ओघळत खाली येई, उघड्यावर, हवेतल्या धुळीसकट. एक टाकी भरायची, तापवायची, रिकामी करायची, धुवायची, पुन्हा भरायची. जितकं दूध जास्त तितक्या टाक्या जास्त, आणि एकदा दिलेली सगळी उष्णता शेवटी गार पाण्याबरोबर गटारात.

दुसरा मार्ग नळीचा. नळीत दूध, बाहेर गरम पाणी. हा प्रवाह अखंड चालतो, पण दूध हा मोठा खट प्रवासी आहे. सत्तर अंशांच्या पुढे त्यातली प्रथिनं सुटून गरम पृष्ठभागाला चिकटू लागतात, त्यांच्याबरोबर कॅल्शियमचे क्षार बसतात आणि काही तासांत आत खराचा थर तयार होतो. त्या थराखाली जंतू सुखाने नांदतात. लांब नळीच्या पोटात हात जात नाही, नजर पोचत नाही. ब्रश सारला तरी कोपरा सुटतोच. जंतू मारायला आणलेलं यंत्रच जंतूंचं घर व्हायचं.

प्लेटचं यंत्र इथे शिरतं. त्याच्या इतिहासात बहुतेक तंत्रज्ञ उष्णता वाचवल्याचं श्रेय पुढे करतात. माझ्या मते उष्णता मागाहून आली. आधी आला तो पाना: यंत्राचे बोल्ट सोडवून ते सताड उघडता येतं, ही गोष्ट.

कल्पना म्हणून हे यंत्र जुनं. 1878 साली आल्ब्रेख्ट ड्राके या जर्मन माणसाने एका द्रवाने दुसरा द्रव थंड करण्याच्या अशा रचनेचं पेटंट घेतलं होतं: पत्रे एकामागे एक, आणि पत्र्याच्या एका बाजूने एक द्रव तर दुसऱ्या बाजूने दुसरा. पेटंट झालं, यंत्र बाजारात रुजलं नाही. पत्र्यांच्या कडा गळू न देता बंद करणं, दाब सहन करणं आणि आत गंजणार नाही असा धातू मिळवणं, या तीन अडचणींपाशी घोडं अडलं असावं.

रिचर्ड सेलिगमन हा अमेरिकेतल्या नामवंत बँकर घराण्यातला. त्याला मात्र हिशेबाच्या चोपड्यांपेक्षा धातूंचं रसायन प्रिय. 1910 साली त्याने लंडनच्या वाँड्सवर्थ भागात एक कंपनी काढली, ॲल्युमिनियम प्लँट अँड व्हेसल कंपनी. पुढे जग तिला एपीव्ही म्हणून ओळखू लागलं. ॲल्युमिनियम तेव्हा नवलाईचा धातू होता आणि त्याला वेल्डिंग करणं महाकठीण, कारण हवा लागताच त्यावर ऑक्साइडची पातळ पण चिवट कात चढते. स्विस संशोधक शूप यांनी ही कात विरघळवणारी जोडण्याची रीत काढली होती. तिच्या जोरावर सेलिगमनने ॲल्युमिनियमच्या मोठमोठ्या टाक्या बनवायला घेतल्या. गिऱ्हाइकं कोण? आंबवण्याच्या टाक्या लागणारे बिअरवाले. म्हणजे माणूस दुधाकडे वळला तो धातूच्या आणि बिअरच्या वाटेने, आणि जिथे स्वच्छता हाच सगळा धंदा त्या कारखान्यांतून.

1923 साली एपीव्हीने प्लेट पाश्चरायझर बाजारात आणला. बांधणी फिल्टर प्रेसच्या धर्तीवर होती. आपल्याकडे साखर कारखान्यात काम केलेल्या माणसाला फिल्टर प्रेस समजावून सांगावी लागत नाही: एका चौकटीत एकापुढे एक उभ्या लावलेल्या जड प्लेटा, आणि दोन्ही टोकांकडून आवळून केलेली त्यांची घट्ट चळत. सेलिगमनच्या पहिल्या प्लेटा ओतीव गनमेटलच्या होत्या आणि त्यांच्या अंगावर दुधाने वळणं घेत जावं म्हणून खाचा कोरलेल्या होत्या. जाड, वजनदार, महाग. पण संध्याकाळी चौकट सैल करून प्लेटा एकमेकींपासून सरकवल्या की दुधाने स्पर्श केलेली प्रत्येक बोटभर जागा डोळ्यांसमोर येई. डेअरीच्या इन्स्पेक्टरला तोवर नळीच्या कुठल्याही पाश्चरायझरच्या पोटात असं डोकावता आलं नव्हतं.

आतली व्यवस्था सोपी आहे. प्रत्येक प्लेटच्या चार कोपऱ्यांना चार भोकं, कडेने खोबण आणि खोबणीत रबरी गॅस्केट. गॅस्केट एका प्लेटवर डावीकडची दोन भोकं आतल्या जागेला उघडी ठेवतं आणि उजवीकडची दोन वळसा घालून बाहेर काढतं; पुढच्या प्लेटवर नेमकं उलट. त्यामुळे एका फटीत दूध, पुढच्या फटीत गरम पाणी, तिसऱ्या फटीत पुन्हा दूध, अशी आळीपाळी आपोआप लागते. फट जेमतेम काही मिलिमीटरची. दोन्ही द्रव विरुद्ध दिशांनी वाहतात. प्लेटवर उठवलेल्या नागमोडी सुरकुत्यांमुळे दूध सरळ सरकत नाही, घुसळत जातं. म्हणून प्रत्येक थेंब क्षणात पत्र्याला लागून येतो आणि उष्णता झटकन ओलांडते.

उष्णतेची करामत मागाहून आली म्हटलं, तरी ती आली तेव्हा तिने सगळ्यांचं तोंड बंद केलं. समजा दूध 4 अंशांवर आलंय आणि 72 अंशांवर न्यायचंय. म्हणजे 68 अंशांची चढण, आणि नंतर तेवढीच उतरण. आता तापून परतणारं दूध आणि आत येणारं थंड दूध एकाच प्लेटच्या दोन बाजूंना सोडा. येणारं दूध चढत 65 अंशांपर्यंत जातं आणि परतणारं उतरत 11 अंशांवर येतं. बॉयलरला वरचे 7 अंश द्यायचे, बर्फाच्या पाण्याला खालचे 7 अंश काढायचे. मधले 61 अंश दूध दुधालाच देतं. कोळशाचं आणि अमोनियाच्या कॉम्प्रेसरचं बिल एका फटक्यात उतरलं. डेअरीवाले या भागाला रीजनरेशन म्हणतात. टाकीच्या पद्धतीत ही देवघेव व्हायला जागाच नव्हती, कारण तापलेलं दूध आणि गार दूध एका वेळी समोरासमोर येत नसत.

कायदा मात्र संशय घेऊन होता. टाकीत अर्धा तास दूध ठेवलं तर घड्याळ लावून बघता येतं. इथे दूध 72 अंशांवर जेमतेम पंधरा सेकंद, तेही प्लेटांपुढच्या एका नळीतून वाहता वाहता. वाफेचा दाब पडला आणि दूध 69 अंशांवरच पुढे सटकलं तर? यावर दोन तोडगे निघाले आणि दोन्ही आजही प्रत्येक डेअरीत आहेत. पहिला, त्या नळीच्या शेवटी बसवलेला फ्लो डायव्हर्जन व्हॉल्व्ह: तापमान ठरल्या आकड्याखाली गेलं की तो दूध पुढे जाऊच देत नाही, उलट फिरवून पुन्हा कच्च्या दुधाच्या टाकीत, बॅलन्स टँकमध्ये, टाकतो. दुसरा तोडगा रसायनाचा. कच्च्या दुधात फॉस्फटेज नावाचं एक एन्झाइम असतं आणि ते नष्ट व्हायला क्षयाचा जंतू मरायला लागते त्याहून किंचित जास्त उष्णता लागते. 1930च्या दशकाच्या मध्याला के आणि ग्रॅहम या ब्रिटिश संशोधकांनी यावरून साधी चाचणी बसवली. बाटलीतल्या दुधात फॉस्फटेज सापडलं, की पाश्चरायझरवाला खोटा किंवा त्याचं यंत्र खोटं. दुधाला स्वतःची साक्ष देता येऊ लागली तेव्हा कुठे पंधरा सेकंदांवर विश्वास बसला. ब्रिटनच्या नियमांत ही झटपट पद्धत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शिरली.

तोवर यंत्राचं अंगही पालटलं होतं. 1913 साली शेफील्डला हॅरी ब्रिअर्ली यांनी न गंजणारं पोलाद तयार केलं होतं आणि विसाच्या दशकात क्रोमियम-निकेलचं मऊ, दाबता येणारं स्टेनलेस स्टील मिळू लागलं. मग गनमेटल ओतून कोरण्याची गरज उरली नाही. पातळ पत्रा प्रेसखाली घालून एका दणक्यात सुरकुत्या, खोबण, भोकं सगळं उठवता आलं. प्लेट हलकी झाली, स्वस्त झाली आणि उष्णताही चटकन पलीकडे जाऊ लागली. स्वीडनच्या दे लाव्हाल यांच्या कंपनीनेही तिच्या जर्मन शाखेमार्फत या धंद्यात पाय ठेवला. आज आपण जिला अल्फा लाव्हाल म्हणतो ती हीच.

सेलिगमनच्या घरातली एक गोष्ट इथे सांगायचा मोह आवरत नाही. त्याची पत्नी हिल्डा शिल्पकार होती आणि भारताची चाहती. मुलांसाठी लिहिलेल्या एका पुस्तकाच्या उत्पन्नातून तिने भारतातल्या खेड्यांसाठी फिरत्या दवाखान्यांच्या गाड्यांचं काम उभं केलं. दिल्लीत संसद भवनाच्या आवारात मेंढपाळ पोराच्या रूपात बसलेल्या चंद्रगुप्त मौर्याचा ब्राँझचा पुतळा आहे, तो तिच्या हातचा. नवऱ्याचं यंत्र भारतात आलं ते वेगळ्या रस्त्याने, आणि तो रस्ता मुंबईत येऊन मिळतो.

चाळिशीच्या दशकातली मुंबई दुधासाठी शहरातल्याच तबेल्यांवर अवलंबून होती. दाट वस्तीत हजारो म्हशी, शेण-मुताचे ओढे आणि दुधात पाण्याचं प्रमाण गवळ्याच्या मर्जीवर. बाहेरगावचं दूध आणावं तर ते वाटेत फाटणार. 1945 साली बॉम्बे मिल्क स्कीम सुरू झाली आणि गुजरातच्या खेडा जिल्ह्यातून, आणंदहून, रेल्वेने सव्वाचारशे किलोमीटरवरून दूध आणायचं ठरलं. त्याचा मक्ता पोल्सन या खासगी डेअरीकडे. भावावरून शेतकरी बिथरले, पंधरा दिवस त्यांनी मुंबईला थेंबभर दूध जाऊ दिलं नाही आणि 1946च्या डिसेंबरात त्यांचा सहकारी संघ नोंदला गेला. अध्यक्ष त्रिभुवनदास पटेल. ही कथा महाराष्ट्रात बहुतेकांना तोंडपाठ आहे. तिच्यावरच्या 'मंथन' चित्रपटाची पटकथा विजय तेंडुलकरांचीच. गावची जात, सावकार, सचिव, मतदान हे सगळं त्या कथेत ठळक आहे. मला तिच्यातलं एक यंत्र तितकंच महत्त्वाचं वाटतं.

जून 1948 मध्ये संघाने मुंबईसाठी दूध पाश्चराइझ करायला सुरुवात केली तेव्हा दोन गावांतून मिळून दिवसाला सुमारे 250 लिटर दूध येई. यंत्रं भाड्याची, सरकारी क्रीमरीतली, जुनाट. आज गळती, उद्या बंद. दूध नीट तापायचं नाही, नीट गार व्हायचं नाही आणि मुंबईला पोचेतो आंबायचं. आंबलेल्या दुधाचे पैसे कोण देणार? सहकाराची तत्त्वं कितीही उजळ असली तरी खराब डब्यापुढे ती चालत नाहीत. मे 1949 मध्ये वर्गीज कुरियन नावाचा तरुण इंजिनियर सरकारी नोकरीवर, काहीशा नाइलाजाने, आणंदला आला. शेजारच्या या संघाची यंत्रं बिघडली की त्रिभुवनदास त्याला बोलवत आणि तो ती ठाकठीक करून देई. काही दिवसांनी त्याने स्पष्ट सांगून टाकलं की, या भंगारावर पैसा घालण्यात अर्थ नाही, नवा प्लेट पाश्चरायझर घ्या. संघाजवळ पैसे नव्हते. त्रिभुवनदासांनी ते उसने उभे केले आणि कुरियन खरेदीसाठी मुंबईला गेला.

मुंबईत तो गेला लार्सन अँड टुब्रोकडे. आज हे नाव पुलांशी आणि मेट्रोशी जोडलं जातं, पण 1938 साली मुंबईत ही भागीदारी सुरू करणारे हेनिंग होल्क-लार्सन आणि सोरेन टुब्रो हे दोघे डॅनिश इंजिनियर सुरुवातीला डेन्मार्कची डेअरी यंत्रंच विकत. आणंदसाठी त्यांच्याकडून सिल्केबोर्गचा प्लेट पाश्चरायझर आला. सिल्केबोर्ग हे डेन्मार्कमधलं गाव आणि त्याच नावाचा यंत्रांचा कारखाना. पुढे अनेक वर्षांनी हा कारखाना ज्या समूहात मिसळला तो समूह एपीव्हीने विकत घेतला, म्हणजे वंशावळ फिरून सेलिगमनच्याच घरात आली. यंत्र बसलं, दूध टिकू लागलं. कुरियनची आणंद सोडायची तयारी झाली होती. तो थांबला, ही पुढची गोष्ट सर्वश्रुत आहे.

मुंबईच्या बाजूला दारा खुरोडी यांनी आरे वसाहत उभी केली. 1951 साली जवाहरलाल नेहरूंनी तिचं उद्घाटन केलं. शहरातल्या म्हशी गोरेगावच्या डोंगराळ माळावर हलवायच्या आणि दूध मध्यवर्ती डेअरीत पाश्चराइझ करून बाटलीत भरायचं, अशी योजना. खुरोडी आणि कुरियन यांचं फारसं पटत नसे. एकाला शहराला स्वस्त दूध पुरवायचं होतं, दुसऱ्याला गावातल्या शेतकऱ्याचं सगळं दूध विकायचं होतं. 1963 साली मॅगसेसे पुरस्कार दोघांना आणि त्रिभुवनदासांना एकत्रच मिळाला, याची मला गंमत वाटते. भांडणाच्या दोन्ही टोकांना यंत्राची मागणी एकच होती: प्रवासाआधी दुधातले जंतू मारायचे आणि ते लगेच 4 अंशांवर आणायचं. टाकीच्या पद्धतीत तापवून थंड करायला तास-दीड तास सहज जातो. प्लेटमध्ये तेच काम एक-दोन मिनिटांत उरकतं आणि सगळा वेळ दूध बंदिस्त असतं. वाढत्या सहकारी संघांच्या दृष्टीने आणखी एक सोय मोलाची होती. गावं वाढली, दूध दुप्पट झालं, तर चौकटीत जागा असेल तोवर त्याच यंत्रात प्लेटा वाढवता येतात.

डेअरीत हे प्लेटचं यंत्र उघडण्याचं काम एकदा जवळून पाहावं. आधी फिटर टेप लावून दोन्ही बाजूंनी चळतीची जाडी मोजतो आणि खडूने भिंतीवर लिहून ठेवतो. मग टाय बोल्ट एकाआड एक, थोडे थोडे सैल करतो. एकच बाजू ढिली केली तर प्लेटा वाकतात. मागची जाड दाबप्लेट वरच्या दांड्यावरून चाकांवर सरकते आणि पाठोपाठ एकेक प्लेट सुटी होते. दुधाच्या बाजूला करडा-पांढरा खर, बोटाने घासला तर चुन्यासारखा. नायलॉनचा ब्रश चालतो, तारेचा नाही, कारण तारेचे कण स्टेनलेसमध्ये रुतले की तिथेच गंज धरतो. प्लेट उजेडाकडे धरून सुईच्या अग्राएवढं भोक शोधायचं. तसं भोक रीजनरेशनमध्ये पडलं तर एका बाजूचं कच्चं दूध दुसऱ्या बाजूच्या तयार दुधात जाईल. म्हणून तयार दुधाचा दाब मुद्दाम थोडा जास्त ठेवतात. गळती झालीच तर चांगलं दूध कच्च्यात जावं, कच्चं चांगल्यात नको. भोकांभोवतीचं गॅस्केटही दुहेरी असतं आणि दोन कडांमधली जागा बाहेर उघडी. गॅस्केट गेलं तर दूध जमिनीवर ठिपकतं, दुसऱ्या द्रवात मिसळत नाही. असा दोष झाडूवाल्यालाही दिसतो.

लावताना सुरकुत्यांची टोकं एका प्लेटला वर, पुढच्या प्लेटला खाली. क्रम बरोबर असेल तर चळतीच्या कडेवर मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते. बरेच फिटर कडांवर रंगाचा एक तिरपा पट्टा ओढून ठेवतात. प्लेट चुकली की पट्टा तुटतो. आवळताना पुन्हा टेप. कंपनीने ठरवलेल्या मापापेक्षा जास्त आवळलं तर सुरकुत्या चेपतात आणि प्लेट बाद होते. 'गळतंय ना, अजून दोन फेरे द्या' हा सल्ला सगळ्या कारखान्यांत मिळतो आणि सगळीकडे तो चुकीचाच असतो. आता रोजची धुलाई यंत्र न उघडताच होते. आधी कॉस्टिक सोडा, मग नायट्रिक ॲसिड प्लेटांतून फिरवतात, त्याला सीआयपी म्हणतात. पण पत्ते उलटून बघण्याचा हक्क डेअरीवाल्याने सोडलेला नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर हे यंत्र दुधाबाहेर पसरलं ते याच हक्काच्या जोरावर. बिअरवाल्यांनी उकळलेला माल्टचा अर्क थंड करायला ते घेतलं. 1957 साली एपीव्हीने प्लेटचाच इव्हॅपोरेटर काढला, फळांचे रस आणि दूध आटवायला. रसायनांच्या कारखान्यांत सल्फ्युरिक ॲसिड थंड करायला विशेष मिश्रधातूंच्या प्लेटा आल्या. जहाजांचं प्रकरण तर स्वतंत्र लेखाचं आहे. खारं पाणी स्टेनलेसलाही भोकं पाडतं. त्याला पुरून उरणारा टायटॅनियम फार महाग. जाड नळ्या टायटॅनियमच्या करणं परवडेना, पण प्लेट अर्ध्या-पाऊण मिलिमीटरची, तेव्हा हिशेब जमला. मग जहाजाच्या इंजिनात समुद्राचं पाणी शिरायचं थांबलं: इंजिनाभोवती गोडं पाणी फिरतं आणि ते गोडं पाणी टायटॅनियमच्या प्लेटांपलीकडून समुद्र थंड करतो. शिंपले, शेवाळ, वाळू अडकली की बंदरात चौकट उघडायची आणि पाण्याचा फवारा मारायचा.

1970च्या दशकात एक उलटं वळण आलं. प्लेटांच्या मध्ये तांब्याची पातळ पानं घालून निर्वात भट्टीत तापवलं की तांबं वितळून सगळ्या कडा एकजीव होतात. गॅस्केट नाही, बोल्ट नाहीत, चौकट नाही. हातात मावेल एवढं यंत्र, आणि मूळ मोठेपणा ज्यात होता तो गुणच वजा. हे यंत्र कधीच उघडता येत नाही. तरीही ते प्रचंड चालतं, कारण चिलरमध्ये, हीट पंपात, युरोपातल्या घरगुती बॉयलरात वाहणारा द्रव स्वच्छ असतो. उघडून बघायचं काय? खर धरला तर फेकून नवं बसवतात. मला हा प्रकार थोडा खटकतो, पण शंभर गिऱ्हाइकांतली नव्वद त्यावर खूश असतील तर माझ्या खटकण्याला किंमत नाही.

सेलिगमन 1972 साली वारला. त्याच्या हयातीतच एपीव्ही वाँड्सवर्थहून लंडनच्या दक्षिणेला क्रॉलीला हलली होती. 1997 साली सीबे कंपनीने ती घेतली, पुढे ती इन्व्हेन्सिसमध्ये गेली आणि 2007च्या अखेरीस एसपीएक्स या अमेरिकी कंपनीकडे. भारतात मात्र या धंद्याचं एक मोठं केंद्र पुण्यात रुजलं. अल्फा लाव्हालचा भारतातला अवतार एके काळी व्हल्कन-लाव्हाल म्हणून ओळखला जाई आणि दापोडीचा त्यांचा कारखाना पिंपरी-चिंचवडच्या कितीतरी फिटरांची, ड्राफ्ट्समनची शाळा ठरला. आता गॅस्केट बदलून देणारे, प्लेटा तपासून देणारे छोटे कारखानदार भोसरी-चाकण पट्ट्यात सहज सापडतात.

साखरेच्या मुलखात प्लेट उशिरा आली आणि अजूनही तिला सरसकट मान नाही. उसाच्या कच्च्या रसात बगॅसचे बारीक तंतू असतात. काही मिलिमीटरच्या फटीत ते अडकून बसतात. म्हणून वर्षानुवर्षं नळ्यांचे ज्यूस हीटर चालले, आणि नळ्यांत ब्रश-कटर घालून खर काढणारी माणसंही. रुंद फटीच्या प्लेटा निघाल्यावर काही कारखान्यांनी त्या घेतल्या. डिस्टिलरीत मात्र प्लेटेशिवाय पान हलत नाही. मळी आंबताना यीस्ट भरपूर उष्णता सोडतं आणि फर्मेंटरचं तापमान 36-37 अंशांच्या पुढे गेलं की स्वतःच मान टाकतं. त्यामुळे मळीचं आंबतं मिश्रण, म्हणजे वॉश, सारखं पंपाने बाहेर काढून प्लेटांतून थंड करून परत आत सोडावं लागतं. एप्रिल-मेमध्ये, सोलापूर-धाराशिवकडे कूलिंग टॉवरचं पाणीच कोमट असतं, तेव्हा दोन द्रवांतला फरक जेमतेम चार-पाच अंशांचा उरतो, आणि तेवढ्यावर काम काढणारं दुसरं यंत्र परवडत नाही. वॉशमधला गाळ प्लेटांवर बसतो, दाब वाढत जातो, शिफ्ट इनचार्ज गेजकडे बघत राहतो आणि शेवटी एक युनिट बंद करून दुसरं चालू करतो. मग बोल्ट सैल होतात, होजपाइप येतो, तासाभरात जाळी पुन्हा जुळते. मोठं काम पावसाळ्यात: सगळ्या प्लेटा उतरवून सिमेंटच्या ओट्यावर रांगेने मांडायच्या, गॅस्केटं बदलायची, आणि बॉयलरच्या अग्निप्रदीपनाच्या आत चौकट आवळून ठेवायची, कारण गव्हाणीत मोळी पडल्यावर कुणी थांबत नाही.